मूल हरवते तेव्हा: पडद्यावरचा शोध आणि प्रत्यक्षातला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत एखाद्या मुलाचा हात सुटतो आणि पाच मिनिटांत बाजारभर एकच वाक्य फिरू लागते, ‘मुलं पळवणारी टोळी आलीय.’ टोळी कोणी पाहिलेली नसते. पण ती कशी दिसते, काय करते, मुलांना कुठे नेते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ही माहिती अनुभवातून आलेली नसून गोष्टींतून आली आहे, आणि त्या गोष्टींत सिनेमाचा वाटा मोठा आहे.

जॉन फोर्ड यांचा ‘द सर्चर्स’ हा 1956 चा वेस्टर्न चित्रपट या जातीच्या गोष्टींचा मूळपुरुष म्हणता येईल. काळ 1868 चा, प्रांत टेक्सस. घरापासून तुटलेला ईथन बऱ्याच वर्षांनी भावाच्या घरी परततो. लवकरच कोमांची या मूळनिवासी जमातीची टोळी घरावर हल्ला करते, माणसे मारते आणि धाकट्या पुतणीला घेऊन जाते. जॉन वेनने रंगवलेला ईथन तिला वर्षानुवर्षे शोधतो, शेवटी उचलून घोड्यावर घेतो आणि परत आणतो. परका पळवतो, आपला माणूस शोधतो, मूल घरी येते, गोष्ट संपते. हिंदी सिनेमाने हाच साचा ‘वक्त’, ‘यादों की बारात’, ‘अमर अकबर अँथनी’मध्ये आपल्या पद्धतीने वापरला. तीन तासांच्या करमणुकीला हा साचा उत्तम आहे. मूल खरोखर हरवते तेव्हा मात्र तो घरच्यांना चुकीच्या दिशेला पळवतो, म्हणून त्यातला एकेक समज तपासायला हवा.

गैरसमज: मुलांना पळवणारा माणूस परका, अनोळखी असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 83,350 मुले हरवल्याची नोंद झाली. त्यांत 62,946 मुली होत्या. हरवलेल्या दर चार मुलांमागे तीन मुली हे प्रमाण गोणीत घालून चिमुरड्यांना नेणाऱ्या टोळीच्या चित्राशी अजिबात जुळत नाही. ‘हरवले’ या शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात: मार खाऊन किंवा नापास होऊन घर सोडलेला मुलगा, लग्न ठरवले म्हणून निघून गेलेली मुलगी, कोणावर तरी विश्वास टाकून गेलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर, कामाच्या आमिषाने नेलेली मुले, आई-वडिलांच्या भांडणात एकाने दुसऱ्यापासून दूर नेलेले बाळ, आणि गर्दीत खरोखर चुकलेली मुले. अनोळखी माणसाने उचलून नेलेले मूल याच यादीत असते, पण ती यादी त्याच्यापुरती नाही.

छत्तीसगडला हे वेगळे सांगावे लागू नये. जशपूर, सरगुजा भागातल्या मुली घरकामासाठी दिल्लीकडे नेल्या गेल्या, त्या अंधारात तोंड दाबून नेल्या गेल्या नाहीत. नेणारा किंवा नेणारी बहुधा गावातलीच, ओळखीची, कधी नात्यातली, ‘शहरात चांगलं काम लावून देते’ म्हणणारी. घरच्यांनीच निरोप दिलेला असतो. याच प्रश्नामुळे छत्तीसगडने 2013 मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदा केला. ओळखीच्या चेहऱ्यावर कायद्याने नजर ठेवावी लागते, हाच पुरेसा पुरावा आहे.

तरीही परक्याचीच भीती का वाटते? कारण ती सोसायला सोपी असते. धोका वेशीबाहेर असेल तर वेस बंद करून भागते. तो उंबरठ्याच्या आत असेल तर आपल्याच माणसांकडे, आपल्याच बोलण्याकडे आणि मुलावर उगारलेल्या हाताकडे पाहावे लागते. मराठी मनाला आणखी एक कारण आहे आणि ते खोटे नाही. अंजना गावित आणि तिच्या दोन मुलींचे प्रकरण 1996 मध्ये उघड झाले. 13 मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतील काहींच्या हत्येचा तो खटला कोल्हापुरात चालला, आणि त्याची दहशत एका पिढीच्या आयांच्या मनात राहिली. ते प्रकरण खरे होते. पण एका खऱ्या प्रकरणावरून प्रत्येक अनोळखी माणसाचा निवाडा करता येत नाही.

गैरसमज: व्हिडिओ आला आहे, म्हणजे टोळी खरी आहे.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावाचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, भिक्षेकरी, पोटासाठी गावोगाव फिरणारी, त्या बाजारात उतरली. मुले पळवणारे आल्याचा संशय पसरला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण मेले. एकाही मुलाला त्यांनी पळवलेले नव्हते.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक जरूर लक्षात ठेवावा. गल्लीत खेळणारे मूल, मोटरसायकलवर आलेले दोघे, क्षणात उचललेले मूल. हा व्हिडिओ कराचीतला होता. मुले हरवण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तिथल्या एका हेल्पलाइनसाठी जनजागृती म्हणून तो चित्रित केला होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या तुकड्यातून हा शेवट कापलेला होता. पालकांनी सावध व्हावे म्हणून केलेली फीत माणसे मारायला कारण झाली. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

मर्यादा आली म्हणून अफवा थांबली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. पुढच्याच महिन्यात, दसऱ्याच्या दिवशी, रायपूरहून तासाभराच्याही आत पोहोचता येईल अशा भिलाईजवळच्या चरोदा येथे तीन साधूंना जमावाने मारहाण केली. राईनपाडा, जत आणि चरोदा या तिन्ही ठिकाणी बळी पडले ते एकाच प्रकारचे लोक: अंगावर वेगळा वेश, बोलीत वेगळा हेल, आणि ‘हे आमचे’ म्हणणारे जवळ कोणी नाही.

व्हिडिओवर विश्वास ठेवणारी माणसे मूर्ख नसतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे ही माणसाची जुनी सवय आहे आणि एरवी ती उपयोगी पडते. शिवाय संदेश येतो तो मेहुण्याकडून, शाळेच्या गटातून, शेजारच्या दुकानदाराकडून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने. पण पाठवणारा विश्वासू असला तरी त्याने ते स्वतः पाहिलेले नसते. गाव, तारीख, पोलिस ठाणे आणि गुन्ह्याची नोंद या चार गोष्टी ज्या संदेशात नाहीत, तो पुढे पाठवू नये. संशय आलाच तर 112 वर फोन करावा आणि त्या माणसाला हातही लावू नये.

गैरसमज: मुलांना किडनी काढण्यासाठी पळवतात.

किडनी काढणे हे अंधाऱ्या खोलीत सुरीने होणारे काम नाही. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा रक्तगट जुळावा लागतो, दोघांच्या रक्ताची परस्पर तपासणी करावी लागते, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित पथक लागते. काढलेले मूत्रपिंड थंड द्रावणात ठेवले तरी साधारण दीड दिवसाच्या आत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. रस्त्यावरून कोणतेही मूल उचलले आणि अवयव विकला, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात बसत नाही. हा समज टिकला आहे, कारण मूत्रपिंडाचा काळा बाजार आपल्याकडे खरोखर घडला आहे. 2008 मध्ये गुरुग्रामला उघड झालेले प्रकरण देशभर गाजले. त्यात अडकलेले मात्र कामाच्या आणि पैशांच्या आमिषाने आणलेले गरीब प्रौढ मजूर होते. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा अशाच व्यवहारांना आळा घालण्यासाठी आहे.

गैरसमज: मूल हरवल्यावर तक्रार देण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते.

सर्व गैरसमजांत हा सर्वांत घातक. असा कोणताही नियम भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट आदेश दिला: मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली असेच धरून तपास सुरू करायचा. पालकांनी काय घडले हे सिद्ध करायचे नसते. मूल अठरा वर्षांखालील आहे आणि ते सापडत नाही, एवढेच पुरे. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो.

चोवीस तासांचा आकडा लोकांच्या डोक्यात आला कुठून? एक वाट पडद्यावरची आहे. इंग्रजी गुन्हेपटांत पोलिस ‘उद्या या’ म्हणताना पुष्कळदा दिसतात. दुसरी वाट आपल्याच कायद्यातून येते. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे लागते. बाल न्याय कायदा, 2015 नुसार सापडलेल्या मुलालाही चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. ही मुदत मूल सापडल्यानंतरची आणि यंत्रणेवर घातलेली आहे. ऐकणाऱ्यांनी ती उलटी धरली आणि पालकांच्या माथी मारली.

तिसरी वाट घरातलीच आहे. पहिले काही तास मावशीकडे, मित्राकडे, शिकवणीच्या वर्गात फोन करण्यात जातात. ते करूच नये असे नाही, पण ते करत असतानाच दुसऱ्या कोणी ठाण्यात पोहोचायला हवे. रायपूर मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आहे. स्टेशनवरून गाडीत बसलेले मूल पाच-सहा तासांत नागपूर ओलांडते, बारा-चौदा तासांत हावड्याला पोहोचते आणि वीस तासांच्या आसपास मुंबईत उतरते. चोवीस तास थांबलेला बाप तक्रार लिहू लागतो, तेव्हा त्याचे मूल त्याला अनोळखी असलेल्या शहरात रात्र काढायच्या तयारीत असते.

गैरसमज: ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हटले की दुसऱ्या ठाण्यात जावे लागते.

हद्दीचा प्रश्न पोलिसांनी आपापसांत सोडवायचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. मूल सदर बाजारात हरवले आणि घर भिलाईत असले तरी जे ठाणे जवळ असेल तिथे जावे आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते.

गैरसमज: रागाने गेलेले मूल पोटाला चिमटा बसला की आपोआप परत येते.

‘जाऊ दे, भूक लागली की येईल’ हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येते, आणि त्यामागे अनुभवही असतो. पूर्वी रुसलेला मुलगा शेतावर, देवळात, फार तर आत्याच्या गावी जाई. गावभर ओळखीचे लोक होते. कोणीतरी भाकर देई आणि कोणीतरी हात धरून घरी आणी. आता तोच मुलगा तासाभरात रेल्वेत असतो, आणि फलाटावर त्याला भाकर देणारा पहिला माणूस कोण असेल हे कोणी सांगू शकत नाही.

फलाटावरचे हे पहिले काही तास किती महत्त्वाचे आहेत, हे त्या कामातले लोक जाणतात. ठाण्याची समतोल फाउंडेशन मुंबई परिसराच्या स्थानकांवर घर सोडून आलेली मुले हेरते, त्यांना शिबिरात ठेवते, त्यांच्याशी बोलते आणि मग घरी पोहोचवते. रेल्वे सुरक्षा बलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत 2018 पासून मे 2024 पर्यंत 84,119 मुलांची सुटका झाल्याचे रेल्वेने जाहीर केले आहे. ही मुले भूक लागली म्हणून परत आली नाहीत. कोणीतरी त्यांना थांबवले आणि विचारपूस केली.

इथे घराचे तुटलेपण समजून घ्यावे लागते. मूल एका थपडेने घर सोडत नाही. थपड शेवटची असते. त्याआधी कित्येक दिवस त्याचे बोलणे कमी झालेले असते, दारू पिऊन येणाऱ्या बापाची चाहूल त्याला दूरवरून लागत असते, किंवा गुणपत्रिका दप्तरात दडवलेली असते. ‘द सर्चर्स’मध्येही मूळ तडा हल्ल्याच्या आधीचा आहे. ईथन आणि त्याचा भाऊ एका छताखाली मोकळेपणाने बसू शकत नाहीत, आणि त्याचे कारण घरात सर्वांना कळते पण कोणी बोलत नाही. फोर्डने ते एका शब्दाशिवाय, केवळ नजरांतून आणि हातात धरलेल्या एका कोटातून दाखवले. हा भाग पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही. लक्षात राहतात ते घोडे.

गैरसमज: मुलगी गेली असेल तर बोभाटा न करता घरातच मिटवावे.

62,946 हा आकडा पुन्हा आठवावा. हरवलेल्यांत मुली सर्वाधिक, आणि तक्रारीला उशीर होतो तोही त्यांच्याच बाबतीत. ‘पोरीचं नाव खराब होईल’ ही भीती खोटी नाही. समाज खरोखर बोलतो. सदर बाजारासारख्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्यांच्या भागात घराण्याचे नाव हेच भांडवल असते, आणि तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी वाड्यापासून चौबे कॉलनीच्या महाराष्ट्र मंडळापर्यंत बातमी पोहोचायला संध्याकाळ पुरते. पण हिशोब नीट करावा. नावाला लागलेला डाग काही महिन्यांत फिका पडतो. पहिल्या दिवशी न दिलेली तक्रार दुसऱ्या दिवशी दिली तरी गेलेला दिवस परत मिळत नाही. मुलगी ओळखीच्या मुलाबरोबर स्वतः गेली असली तरी ती अठरा वर्षांखालील असेल तर तक्रार अपहरण म्हणूनच नोंदवली जाते. म्हणून ‘ती स्वतःहून गेली’ हे तक्रार टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्यात आणि पॉक्सो कायद्यात शिक्षा आहे, हेही घरच्यांना माहीत हवे.

इज्जतीचा हा विचार कुठवर जातो, हे त्याच वेस्टर्नमध्ये फार धीटपणे दाखवले आहे. बरीच वर्षे शोधल्यावर ईथनला पुतणी सापडते ती कोमांचींत वाढलेली, त्यांच्यात नांदणारी. तिला वाचवायला निघालेला माणूस आता तिला मारायला निघतो, कारण त्याच्या लेखी ती ‘बाटली’ आहे. शेवटच्या क्षणी तो बदलतो. ही टेक्ससची गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. फाळणीत पळवलेल्या स्त्रिया परत आणायचे भारत आणि पाकिस्तानने मिळून ठरवले आणि 1949 मध्ये त्यासाठी कायदा झाला. हजारो स्त्रिया परत आणल्या गेल्या. त्यांतल्या अनेकींना घरांनी दारे लावून घेतली, आणि कायदा होण्याआधीच गांधीजी आणि नेहरू या दोघांनाही जाहीर आवाहन करावे लागले की या मुलींना घरात घ्या, त्यांचा काही दोष नाही. 2003 मध्ये ऊर्मिला मातोंडकरने ‘पिंजर’मध्ये साकारलेली पुरो हीच वेदना जगते: पळवलेली मुलगी कशीबशी घराच्या दारात येते आणि आई-बापच तिला परत पाठवतात.

गैरसमज: मूल घरी पोहोचले की प्रश्न संपला.

‘द सर्चर्स’ची कादंबरी लिहिणाऱ्या अ‍ॅलन ले मे यांच्या कथेमागे सिंथिया अ‍ॅन पार्कर या मुलीची हकिगत होती, असे अभ्यासक मानतात. 1836 च्या मे महिन्यात टेक्ससमधल्या पार्करांच्या गढीवर हल्ला झाला आणि नऊ वर्षांची सिंथिया कोमांचींच्या हाती गेली. तिच्या काकाने तिला वर्षानुवर्षे शोधले. ती सापडली 1860 च्या डिसेंबरमध्ये, पळवल्यानंतर 24 वर्षांनी. तोवर ती कोमांची भाषा बोलणारी, तीन मुलांची आई झाली होती. सैनिकांनी तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला ‘सोडवले’ आणि पार्कर कुटुंबात आणले. टेक्ससच्या विधिमंडळाने तिला जमीन आणि आर्थिक मदत मंजूर केली. तिला त्यातले काही नको होते. मागे राहिलेल्या मुलांकडे जाण्यासाठी ती पुन्हा पुन्हा पळून जाऊ पाहत होती. काही वर्षांत तान्ही मुलगी आजाराने गेली आणि 1870 च्या सुमारास ती स्वतः गेली. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा नामांकित प्रमुख झाला, पण आईची आणि त्याची भेट पुन्हा झाली नाही. सिनेमा पुतणीला उंबरठ्याच्या आत नेऊन थांबला. खरे आयुष्य त्या उंबरठ्याच्या आत सुरू झाले होते.

आपल्याकडची गीताची कथा यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे, पण शिकवण तीच देते. ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी लहानपणी लाहोर स्थानकावर एकटी सापडली. कराचीच्या ईधी फाउंडेशनने तिला सांभाळले. 26 ऑक्टोबर 2015 रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या पुढाकाराने ती भारतात आली. अशाच हरवलेल्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘बजरंगी भाईजान’ हा चित्रपट त्याच वर्षी आला होता आणि देशाने मानले की गोष्टीचा शेवट गोड झाला. प्रत्यक्षात तिचे घर कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. ‘ही आमची मुलगी’ म्हणत अनेक कुटुंबे पुढे आली, पण ओळख पटत नव्हती. पुढची पाच वर्षे तिने इंदूरमध्ये राहून रेल्वे, नदी, देऊळ अशा तुटक आठवणी खुणांच्या भाषेतून सांगितल्या, आणि शोध मराठवाड्याकडे वळला. 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात तिची आई भेटली. अंगावरची जुनी खूण पटली. मुलीचे मूळ नाव राधा. वडील तोवर गेले होते. परभणीवरून अमृतसरला थेट जाणारी सचखंड एक्सप्रेस आहे आणि तेव्हा अमृतसर भागातून लाहोरला समझोता एक्सप्रेस जात असे. एखादी चिमुरडी सीमेपलीकडे कशी पोहोचली असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

म्हणूनच सापडलेले मूल कायद्यानुसार थेट पालकांच्या हाती सोपवायचे नसते. बाल कल्याण समिती आधी मुलाशी बोलते, घराची चौकशी करते, आणि घरीच धोका असेल तर त्याला तिथे पाठवत नाही. पालकांना हा विलंब वाटतो, कधी अपमानही वाटतो. पण घर सोडून गेलेल्या मुलाला त्याच खोलीत, त्याच पट्ट्यासमोर आणून उभे केले तर ते पुन्हा जाते, आणि दुसऱ्या खेपेला अधिक दूर जाते.

गैरसमज: वर्षे उलटली की शोधण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूरच्या स्थानकावर 1986 मध्ये पाच वर्षांचा एक मुलगा रिकाम्या गाडीत झोपी गेला आणि हावड्याला पोहोचला. त्याचे नाव शेरू, घर खंडव्याच्या गणेश तलाई भागात. मुलाच्या बोबड्या उच्चारात गावांची नावे अशी बदलली की पोलिसांना ती नकाशावर सापडेनात. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतले आणि तो सरू ब्रायर्ली झाला. पंचवीस वर्षांनी उपग्रहाच्या नकाशावर रेल्वेचे रूळ धरून मागे मागे जात त्याने पाण्याची टाकी, पूल आणि ओढा ओळखला. 2012 मध्ये तो आईसमोर उभा राहिला. तिने तो भाग सोडला नव्हता. 2016 च्या ‘लायन’ चित्रपटात लहानग्या सरूचे काम मुंबईच्या सनी पवारने केले.

उपग्रहापेक्षाही साधे साधन आज आपल्या खिशात आहे. जबलपूरचा एक मतिमंद मुलगा आठ वर्षांचा असताना नागपूर स्थानकावर सापडला आणि दहाएक वर्षे नागपूरच्या एका मराठी घरात वाढला. शाळेसाठी त्याचे आधार काढायला गेले तर अर्ज पुन्हा पुन्हा नाकारला जाऊ लागला, कारण त्याच्या बोटांच्या ठशांवर आधीच एक आधार निघालेले होते. मानकापूरच्या आधार सेवा केंद्राने तो धागा धरला आणि 2021 मध्ये मूळ घर सापडले. त्याच केंद्रातून अशी आणखी मुलेही घरी पोहोचली आहेत. मात्र पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारमध्ये ठसे घेतलेले नसतात. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात, आणि पुष्कळ घरे हे काम पुढे ढकलतात.

गैरसमज: गर्दीत सापडलेले मूल आपणच घरी नेऊन जपावे, पोलिसांची कटकट नको.

हेतू चांगला असतो, आणि ठाण्याची पायरी चढण्याची भीतीही समजण्यासारखी आहे. पण असे मूल सापडल्यावर पोलिस, बाल हेल्पलाइन किंवा बाल कल्याण समिती यांना चोवीस तासांत कळवणे बाल न्याय कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय मूल जिथे चुकले तिथेच घरचे त्याला शोधत असतात. त्याला तिथून हलवणे म्हणजे शोध लांबवणे. प्रयागच्या मेळ्यांत राजाराम तिवारी यांनी 1946 पासून भूले-भटके शिबिर चालवले ते याच साध्या तत्त्वावर: हरवलेल्याने एका ठिकाणी थांबायचे, आणि नाव मोठ्याने पुकारायचे.

दिवाळीच्या गर्दीला किंवा राजिमच्या मेळ्याला निघण्यापूर्वी मुलाचा त्याच दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो मोबाइलमध्ये घ्यावा आणि त्याच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. मूल दिसेनासे झाले तर एकाने जागेवर थांबावे आणि दुसऱ्याने जवळच्या ठाण्यात जावे. फोन 112 वर किंवा 1098 वर करावा, रेल्वेचा संशय असेल तर 139 वर. हे पहिल्या तासातच करावे.